प्रबंधातली वेठ

बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठाने २९ मार्च २०१२ रोजी पाल श्मित यांची डॉक्टरेट काढून घेतली, तेव्हा ते हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष होते. चार दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. ऑलिंपिकच्या कार्यक्रमावरचा त्यांचा १९९२चा प्रबंध बराचसा निकोलाय गेओर्गिएव्ह या बल्गेरियन अभ्यासकाच्या लेखनावरून उतरवलेला होता. श्मित यांचं नाव जगभर छापून आलं. गेओर्गिएव्ह कोण, हे किती जणांनी विचारलं असेल?

अशी चोरी उघडकीला आली की सगळ्यांचे डोळे खुर्चीवर खिळतात. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग २०११ साली याच कारणाने पायउतार झाले. शिक्षणमंत्री आनेट शावान २०१३ साली पायउतार झाल्या. त्यांचा तर प्रबंधच माणसाच्या सदसद्विवेकावर होता. गुटेनबर्ग यांच्या प्रबंधाची सुरुवातच मुळी बार्बारा त्सेनफेनिग या राज्यशास्त्राच्या विदुषीने वर्तमानपत्रात लिहिलेल्या लेखातली. ती वाक्यं जमेपर्यंत तिने किती वाचलं असेल, किती खोडलं असेल! राजीनाम्याच्या बातमीत या कष्टाला जागा नसते.

दुसऱ्याचे कष्ट फुकट उचलणं म्हणजे काय, हे डहाणू-तलासरीला कुणी शिकवायला नको. इथले वारली आदिवासी जमीनदाराच्या शेतावर वेठीला जात. लग्नापुरतं कर्ज काढलेलं जोडपं लग्नगडी होऊन मालकाच्या दारी राबत राही. अंगठा वारल्याचा, हिशेब मालकाचा. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेला वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा सगळा लढा लिहून ठेवला आहे. उतरवलेला प्रबंध मला त्या वेठीच्याच जातीचा वाटतो. राबायचं एकाने, कणगी भरायची दुसऱ्याची.

सत्ता हाती असलेल्या माणसाला डॉक्टरेट तरी कशाला हवी? मतं मिळवता येतात, पैसा मिळवता येतो, नावाआधीचा ‘डॉ.’ मात्र बुद्धीची साक्ष देतो, आणि तीच हवीशी वाटते. महाराष्ट्रात या उपाधीला जे तेज आहे, त्यात बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा फार मोठा. रुपयावरच्या त्यांच्या प्रबंधाला लंडनच्या परीक्षकांनी हरकत घेतली. बाबासाहेबांनी तो पुन्हा मांडून पाठवला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. तेवढी वाट चालायची तयारी नसताना उपाधी लावणारा माणूस ती वाट चाललेल्या प्रत्येकाचा अपमान करतो.

आपल्याकडे अशा चोरीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. साठ टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. नियम हवेतच. पण संगणक छापलेल्याशी छापलेलं ताडून पाहतो. जे कधी छापलंच गेलं नाही, त्याची चोरी त्याला कशी सापडणार?

वारल्यांच्या लग्नघरात सवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी, शेजारच्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. लग्न लावणारी धवलेरी गाण्यातून एकेका देवाला बोलावते, आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. कुठल्या देवाला कधी हाक मारायची, हे सगळं तिला मुखोद्गत. अभ्यासक येतो, तिच्यापुढे रेकॉर्डर ठेवतो, आणि प्रबंधात ती ‘एक वृद्ध माहितीदार’ होऊन बसते. उद्या एखाद्या पुढाऱ्याने तोच प्रबंध उतरवला आणि तो पकडला गेला, तर विद्यापीठ न्याय करील तो अभ्यासकाचा. धवलेरी त्या फाइलीत नसेलच. पहिली उचल तिच्या गाण्यांची झाली होती, आणि ती सभ्यपणे, आभाराच्या एका ओळीत, झाली होती. मला पुढाऱ्याच्या चोरीइतकीच ही सभ्य उचल टोचते.

नाव लागू शकतं, हे इथेच दिसलेलं आहे. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण चित्र कागदावर, कापडावर उतरलं म्हणून त्याला धनी सापडला. गाण्याचं आणि कथेचं तसं झालेलं नाही.

प्रबंध स्वीकारताना विद्यापीठ साम्य तपासल्याचा दाखला मागतं. त्याच्याच जोडीला आणखी एक पान मागावं: हे कुणाकडून ऐकलं, कुठल्या पाड्यावर, नाव छापायला तिची परवानगी आहे का. आणि प्रबंधाची एक प्रत त्या पाड्याच्या शाळेत दिल्याची पोचही जोडावी. धवलेरींच्या नाती आता कॉलेजात जातात. आजीचं म्हणणं कुठे चुकीचं उतरवलंय, हे त्या वाचून सांगतील, आणि तो आक्षेप नोंदवून घेणं विद्यापीठाला भाग पडलं पाहिजे.