ज्या महिन्यांत कोणी जात नाही

फुनाफुटीला कधी जावं, असं विचारलं की प्रवासाच्या पुस्तकांतलं उत्तर ठरलेलं असतं: मे ते ऑक्टोबर. बाकीचे सहा महिने टाळा. त्या दिवसांत पाऊस कोसळतो, वारा पश्चिमेकडून सुटतो, चक्रीवादळाची धास्ती असते, विमानाचा भरवसा नसतो. सल्ला चुकीचा नाही. गंमत एवढीच, की फुनाफुटी ज्या तुवालू देशाची राजधानी आहे तो जगातल्या सर्वांत कमी पर्यटक जाणाऱ्या देशांपैकी एक. वर्षाला जेमतेम काही हजार माणसं तिथे उतरतात आणि त्यांतलेही बरेच जण सरकारी किंवा मदतसंस्थांच्या कामानं आलेले. तिथे गर्दीचा हंगाम आणि निवांत हंगाम हा भेद कागदावरचाच म्हणायचा. तरीही या सल्ल्यापाशी थोडं थांबावंसं वाटतं. कारण जे महिने टाळायला सांगितले आहेत, त्याच महिन्यांत हे बेट घडतं.

फुनाफुटी हे कंकणद्वीप. मधे सुमारे २७५ चौरस किलोमीटरचं लगून, भोवती प्रवाळाचं कडं आणि त्या कड्यावर तीसेक चिमुकली बेटं. मुख्य वस्तीचं फोंगाफाले लांबीला बारा किलोमीटर आणि रुंदीला, जिथे सर्वांत ऐसपैस आहे तिथे, ४०० मीटर. याच्या पोटात काय आहे ते पाहायला लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८९६ ते १८९८ या काळात इथे मोहिमा धाडल्या. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं आणि त्यावरचं प्रवाळ वर वाढत राहतं, असं डार्विननं १८४२ मध्ये मांडलं होतं. ते पडताळायचं होतं. सुमारे ३४० मीटर खोल छिद्र पाडलं तरी प्रवाळाचा चुनखडकच लागत राहिला. ज्वालामुखीचा खडक अखेर हाती आला तो १९५२ मध्ये, दूर मार्शल बेटांतल्या एनिवेटॉकवर, १,२०० मीटरच्याही खाली. म्हणजे इथल्या जमिनीत डोंगरावरून वाहून आलेलं काही नाही. पायाखाली आहे ती समुद्रातल्या जीवांच्या सांगाड्यांची वाळू आणि त्यांचे तुकडे. ते खालून उचलून किनाऱ्यावर आणून टाकायचं काम लाटांचं, आणि मोठी खेप टाकायची तर वादळाचं.

ऑक्टोबर १९७२ मध्ये ‘बेबे’ चक्रीवादळ आलं. हंगाम नीट लागलाही नव्हता. फुनाफुटीवरची बहुतेक घरं गेली, माणसंही दगावली. त्याच वादळात समुद्रानं बाहेरच्या किनाऱ्यालगत प्रवाळाच्या दगडगोट्यांचा जवळजवळ १९ किलोमीटर लांबीचा बांध उभा केला. पुढच्या वर्षांत लाटांनी तो थोडा थोडा आत ढकलला आणि बेटांच्या अंगाला लावला. हा हिशेब क्रूर आहे. ज्याचं छप्पर गेलं, त्याला त्या बांधाचं कौतुक सांगायला कोणी धजावू नये.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी हवाई छायाचित्रं आणि उपग्रहांची चित्रं ताडून पाहिली, तर १९७१ ते २०१४ या काळात तुवालूची एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. समुद्र चढत असताना! मग काहींनी लगेच निकाल देऊन टाकला, की बघा, बेटं बुडत नाहीतच. क्षेत्रफळ वाढलं म्हणून तिथे राहता येतंच असं नाही, एवढं साधं भान त्या घाईत सुटलं.

राहता येतं ते पाण्यामुळे. तुवालूत नदी नाही, ओढा नाही. फुनाफुटीवर वर्षाला तीन मीटरहून अधिक पाऊस पडतो. तो घराच्या छपरावरून टाकीत उतरतो, नाहीतर जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर हलक्या गोड्या पाण्याचा पातळ थर धरतो. त्या थरापर्यंत खड्डे खणून, त्यांत पालापाचोळा घालून तिथले लोक पुलाका लावत आले. आपल्या अळूच्याच कुळातलं हे झाड. पानं मात्र माणसाच्या डोक्यावर जाणारी आणि कंद काही वर्षं पोसलेला. खारं पाणी त्या थरात शिरलं की पुलाका सडतो. बरेच खड्डे असेच गेले. उरल्या त्या टाक्या. २०११ मध्ये ला निनाच्या प्रभावानं पावसानं ओढ दिली, तेव्हा देशात आणीबाणी जाहीर झाली. फुनाफुटीत घरटी दिवसाला दोन बादल्या, म्हणजे ४० लिटर पाणी, एवढ्यावर भागवावं लागलं. समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून आणावी लागली. हे एकदा कळलं, की पावसानं वाया गेलेला सुट्टीचा दिवस म्हणून कुरकुरायला जीभ रेटत नाही.

पर्यटक या महिन्यांत येत नाही, पण कॅमेरा येतो. साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरत्या असतात. पाणी किनारा ओलांडून आत घुसतं, असंच काही नाही. जमीन चाळणीसारखी, पाणी खालूनच वर येतं, अंगणात, रस्त्याच्या कडेला, समुद्रापासून हटून असलेल्या खोलगट जागी. काही तासांनी ओसरतं. जगाच्या वर्तमानपत्रांतला तुवालू बहुधा त्या काही तासांतला असतो. २०२१ मध्ये मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून हवामान परिषदेसाठी भाषण चित्रित केलं, ते कॅमेऱ्याची ही आवड ओळखूनच. मला त्यात काही वावगं वाटत नाही. एरवी कोण बघणार होतं त्यांच्याकडे? पण कोरड्या महिन्यांतलं निळं लगून आणि भरतीतलं बुडालेलं अंगण, या दोन चित्रांवर बेटाची ओळख भागवली जाते. मधलं रोजचं जगणं त्यात कुठेच येत नाही.

ते बघायचं तर संध्याकाळी धावपट्टीवर जावं. महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकन सैन्यानं नारळाची झाडं आणि पुलाकाच्या बागा मोडून ती बांधली. भरावासाठी बेटावर जागोजागी खड्डे खणले आणि तसेच सोडून दिले. ते बुजायला २०१५ साल उजाडलं. आठवड्याला मोजकीच विमानं येतात. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, माणसं आणि मोटरसायकली बाजूला होतात. उरलेला सगळा वेळ ही पट्टी गावाची असते. व्हॉलीबॉल, फुटबॉल, मुलांच्या सायकली. फारच उकडलं तर रात्री चटया टाकून झोपायलाही लोक इथेच येतात. यातल्या कितीतरी जणांची नावं सोडतीत असतील. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फालेपिली करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तिथे कायमचं राहायला जाता येतं. २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीयांसह ८,००० हून अधिक नावं आली, आणि देशाची लोकसंख्या आहे दहा-अकरा हजार. पाहुण्यानं मात्र ओळख झाल्या झाल्या ‘मग तुम्ही कधी निघणार?’ असं विचारू नये. समोर खेळ चालू असतो.

तर जायचंच असलं तर फेब्रुवारीत जायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियन डॉलर रोख घ्यावेत. एटीएम आलं तेच मुळी २०२५ मध्ये. लगूनपलीकडच्या निर्मनुष्य बेटांवर होडीनं जायचा बेत मनात धरावा, पण वस्तीचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि या दिवसांतला वारा थेट त्यावर आदळतो, तेव्हा होडीवाला नको म्हणाला तर घासाघीस करू नये. अंघोळीला पाणी विचारून घ्यावं, टाक्या भरलेल्या असल्या तरी. आणि ऑफिसात रजा मागताना चार दिवस जास्तीचे मागून ठेवावेत. फिजीतल्या सुवाहून येणारं विमान आलं नाही, तर तिथे कोणी हवालदिल होत नाही; पट्टी खेळायला मोकळी राहते.