रुग्णास द्यावे काय? – दानविवेकाचा एक विचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या 17व्या अध्यायात 20 ते 22 या तीन श्लोकांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद सांगितले आहेत. या श्लोकांचा विचार करताना दात्याच्या मनोवृत्तीकडे प्रथम लक्ष जाते. परतफेडीची आशा नसावी, देताना मन खट्टू होऊ नये, घेणाऱ्याचा अवमान घडू नये, हे सर्व खरेच आहे. परंतु त्याच ठिकाणी देश, काल आणि पात्र अशी तीन पदेही आली आहेत. ही तीन दात्याच्या अंतःकरणात नसतात. ती घेणाऱ्याच्या स्थितीत असतात. अर्थात मन शुद्ध असूनही दान चुकू शकते, हे या श्लोकांतूनच निष्पन्न होते. तीर्थक्षेत्र, पर्वकाळ आणि विद्वान पुरुष असा या तीन पदांचा रूढ अर्थ केला जातो. तथापि अंथरुणास खिळलेल्या आप्तजनाच्या बाबतीत त्यांचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो, म्हणून त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

नांदेडजवळ गोदातीरी विष्णुपुरी हे गाव आहे. येथील जलाशय आणि विद्यापीठ सर्वांस परिचित आहेत. परंतु खेड्यापाड्यांतील माणूस विष्णुपुरीचे नाव घेतो ते बहुधा येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी. नांदेड जिल्ह्यातूनच नव्हे, तर हिंगोली, परभणी, यवतमाळ या जिल्ह्यांतून आणि तेलंगणाच्या सीमाभागातूनही रुग्ण येथे येतात. त्यांच्यामागून भेटीस येणारे आप्तही येतात, आणि रिकाम्या हाताने आजाऱ्यास भेटू नये या जुन्या रीतीप्रमाणे कोणी केळी, कोणी मोसंबी, कोणी शहाळे घेऊन येतो. ही रीत प्रेमाची आहे, तिची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे मूत्रपिंड काम करीत नाही अशा रुग्णास हीच तीन फळे अपायकारक ठरतात. त्यांतील पोटॅशियम हा क्षार शरीराबाहेर न पडता रक्तात साचतो आणि त्याने हृदयाची गती बिघडते. अर्धांगवायूच्या ज्या रुग्णाची गिळण्याची शक्ती मंदावली आहे, त्यास प्रेमाने पाजलेले घोटभर पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकते. अहिंसा हे ज्यांचे प्रथम व्रत, त्यांनी येथे थांबून विचार केला पाहिजे. हेतू नसतानाही हातून पीडा घडते, आणि ती दानाच्या रूपाने घडते.

यावर पूर्वपक्ष असा की, भाव असला म्हणजे पुरे. गीतेच्या 9व्या अध्यायात पान, फूल, फळ वा पाणी भक्तीने अर्पण केले असता परमेश्वर ते स्वीकारतो असे सांगितलेच आहे. मग आप्ताने आणलेल्या फळाचा एवढा कीस कशास काढावा?

याचे उत्तर असे. परमेश्वर नित्यपूर्ण आहे, त्यास कशाचीही उणीव नाही. म्हणून त्याच्यापुढे वस्तूला मोल नसून भावालाच मोल आहे. रुग्ण हा मात्र जीव आहे. त्याची उणीव खरी आहे, ती देहाची आहे आणि प्रत्येक घटकेची आहे. ज्यास उणीव नाही त्यास भाव पुरतो. ज्यास उणीव आहे त्याच्यासाठी भावाने ज्ञानाचे रूप घ्यावे लागते. नवव्या अध्यायातील वचन रुग्णाच्या उशाशी लावणे म्हणजे रुग्णास देवाच्या आसनावर बसवून त्याची गरज नाकारणे होय.

एवढेच नव्हे. प्रत्यक्ष परमेश्वरावताराच्या सेवेतही आपल्या पूर्वजांनी केवळ भावावर निर्वाह केला नाही. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्यादी भक्तजन ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीप्रभूंची वृत्ती बालकासारखी. हट्ट करावा, रुसावे, मागितलेले टाकून द्यावे, असा त्यांचा क्रम होता. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळांत महदाइसांच्या धिडऱ्याची लीळा प्रसिद्ध आहे. महदाइसांनी आपल्या परीने धिडरे केले; श्रीप्रभूंच्या मते ते धिडरे नव्हते. गंगातीरी त्या नावाने एक पदार्थ ओळखला जाई आणि वऱ्हाडात दुसरा. महदाइसांनी त्यावर आपल्या श्रमाचा कैवार घेतला नाही. त्यांनी विचारपूस केली आणि श्रीप्रभूंस अभिप्रेत होते ते करून वाढले.

या लीळेकडे सेवेच्या दृष्टीने पाहावे. महदाइसांच्या भावात पहिल्या वेळी काय उणे होते? काहीच नाही. उणे होते ते घेणाऱ्याच्या भाषेचे ज्ञान. आपल्या मनातले धिडरे आणि त्याच्या मनातले धिडरे यांत अंतर असू शकते, हे ओळखून पुन्हा चुलीपुढे बसणे, हीच तेथील सेवा. नित्यपूर्णाच्या बाबतीतही जर हा विवेक आवश्यक ठरला, तर पीडित जीवाच्या बाबतीत तो किती आवश्यक आहे, हे निराळे सांगावयास नको.

आता हे ज्ञान मिळवावे कसे? दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. आंधळ्यांपैकी ज्याच्या हाती जो अवयव आला, त्यास हत्ती तेवढाच भासला. दार्ष्टांतिक असे की, रुग्णाच्या आप्तांचीही हीच गत होते. समजा, कंधारकडील एका वृद्ध शेतकऱ्यास अर्धांगवायू झाला. पुण्यास असलेल्या मुलास औषधांचा खर्च दिसतो, म्हणून तो पैसे पाठवतो. लेकीस वडिलांची ओढ दिसते, म्हणून ती गोडधोड करून आणते. भावकीस भेटीची रीत दिसते, म्हणून ती फळे आणते. रात्री चार वेळा उठून सासऱ्याची कूस बदलणाऱ्या सुनेस मात्र हत्ती बराचसा दिसलेला असतो. म्हणून काही घेण्यापूर्वी पहिला प्रश्न रुग्णास विचारावा आणि दुसरा त्याची शुश्रूषा करणाऱ्यास. विचारल्याने दानाचे पुण्य उणावते, ही समजूत खोटी आहे.

असे विचारले असता जी उत्तरे येतात ती बहुधा साधी असतात. एकाच कुशीवर पडून राहणाऱ्या देहास जखमा होतात. त्या टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि हवेच्या गादीचे साहाय्य होते. उकिडवे बसणे ज्यास अशक्य आहे, त्यास शौचासाठी खुर्ची लागते. न्हाणीघरात भिंतीला धरावयाची दांडी, पायांखाली न घसरणारी चटई, चालताना चार पायांची काठी, समोरून उघडणारा सदरा, रात्री मंद दिवा, हाक मारण्याचे बळ नसेल तर उशाशी एक लहानशी घंटी. यांत मिरविण्याजोगे काहीच नाही. दृष्टी मंदावलेल्या साधकास मोठ्या टंकातील पोथी वा भिंग दिल्यास त्याचा खंडित झालेला पाठ पुन्हा सुरू होतो. रुग्णालयात असता थर्मास, साबण, धुतलेली चादर, सोबत्यासाठी जेवणाचा डबा व परतीचे भाडे हेच खरे दान ठरते. द्रव्य नसलेल्यासही देता येईल असे एक दान तेथे आहे, ते रक्ताचे. 18 ते 65 या वयातील, 45 किलोहून कमी वजन नसलेल्या निरोगी मनुष्यास ते करता येते. पुरुषास 90 दिवसांनी आणि स्त्रीस 120 दिवसांनी पुन्हा देता येते. त्या पिशवीवर दात्याचे नाव मिरवत नाही आणि परतफेड तर संभवतच नाही.

येथे दुसरी शंका उद्भवते. केवळ उपयोगाचाच विचार केला तर रुग्ण हा मनुष्य न राहता सांभाळावयाचा देह होऊन बसेल. वडिलांच्या पुढ्यात शौचाची खुर्ची ठेवणारा पुत्र त्यांस त्यांच्या असमर्थतेचीच आठवण देत नाही काय?

ही शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तरही गीतेतच आहे. सत्काराविना आणि अवहेलनेने दिलेल्या दानास तेथे तामस म्हटले आहे. वस्तू उपयुक्त असूनही ती न विचारता, चार लोकांसमक्ष, नाक मुरडून दिली, तर ते दान तामसच होय. तीच खुर्ची एकांतात, त्यांच्या संमतीने आणि ‘यामुळे तुम्हांस कोणाची वाट पाहावी लागणार नाही’ अशा शब्दांत दिली, तर ती असमर्थतेची खूण न राहता स्वाधीनतेचे साधन होते. म्हणून रुग्णास द्यावयाच्या वस्तूंत तारतम्य असे लावता येईल. ज्यामुळे त्यास एखादी कृती पुन्हा आपली आपण करता येईल ती वस्तू श्रेष्ठ. ज्यामुळे त्याची वेदना उणावेल ती त्याखालोखाल. केवळ मन रमविणारी तिसरी. मात्र ज्याचा देह सावरण्याच्या पलीकडे गेला आहे, त्याच्या बाबतीत हा क्रम बदलतो. तेथे वेदनाशमन आणि सहवास हेच प्रथम होत.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते शुश्रूषा करणाऱ्याचे पात्रत्व. घरातील एकाच व्यक्तीवर, बहुधा पत्नीवर वा सुनेवर, हा भार पडतो, आणि तिची झोप, तिचे दुखणे, तिचे माहेरी जाणे कोणाच्याच गणतीत येत नाही. रुग्णास दहा वस्तू देण्यापेक्षा तिला आठवड्यातून एक रात्र सोडवणे हे रुग्णासही अधिक हिताचे आहे, कारण थकलेल्या हाताची सेवा रुक्ष होते आणि रुक्ष सेवा रुग्णास कळते. ही रात्र बाजारात मिळत नाही, म्हणून ती देण्याचे टाळले जाते. फळांची पिशवी ठेवून निघणे त्याहून सोपे असते.

तेव्हा गीतेतील तीन पदांचा या विषयापुरता अर्थ असा लावता येतो. देश म्हणजे रुग्णाचे अंथरूण आणि त्याभोवतीची दहा पावले. काल म्हणजे सर्व भेटणारे परत गेल्यानंतरची रात्र. पात्र म्हणजे तो रुग्ण आणि त्याच्यासाठी जागणारे माणूस, असे दोघे मिळून एक. या तिन्हींचा विचार करून, विचारून, आदराने दिलेली वस्तू लहान असो की मोठी, तिला सात्त्विक दान म्हणण्यास प्रत्यवाय नाही. आप्ताच्या भेटीस निघणाऱ्याने बाजाराकडे वळण्यापूर्वी, त्या घरी रात्री कोण जागते, एवढे तरी विचारून घ्यावे.