कुटणारा हात कोणाचा?

सज्जनहो, मसाला घरी कुटावा की बाजारातून कुटलेला आणावा, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला. पण त्यात धर्माधर्माचा विचार दडलेला आहे, हे मला फार उशिरा कळले. कसे कळले, तेवढेच निवेदन करतो.

चैत्रातल्या एका सप्ताहात कीर्तनाला उभा होतो. दृष्टांत घेतला धन्याचा. अखंड धना नाकाशी धरला तर वास बेताचाच. ठेचला की घर दरवळते. न्यायसिद्धान्तमुक्तावलीत शंका येते, की गंध हा पृथ्वीचा गुण, तर दगडाला वास का नाही? उत्तर असे, की गंध आहेच, पण प्रकट नाही. दगडाचे भस्म केले की वास येतो. मसाल्याचेही तसेच. दाण्याच्या पोटात सुगंधी तेल कोंडलेले असते. कुटले की ते मोकळे होते, आणि वारा लागून उडूनही जाते. म्हणून अखंड धने-जिरे महिनोन्महिने टिकतात, पूड लवकर फिकी पडते. शिवाय अखंड जिन्नस डोळ्यांनी निवडता येतो. पुडीत काय मिसळले ते कोण पाहणार? तिखटात विटेची भुकटी, हळदीत शिशाचा पिवळा रंग, अशी भेसळ सापडलेली आहे. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला, पुढे २००६ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. पण कायदा येतो मागाहून, घास जातो आधी. "म्हणून मायबापहो, मसाला घरीच कुटा!" असे मी गर्जून सांगितले. मंडळींनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांच्या परसात उखळाचा आवाज चालला होता. घरातल्या म्हाताऱ्या आजी मिरच्या कांडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "म्हाराज, काल लई ग्वाड सांगितलं तुमी. पर मुसळ कधी धरलंय का हातात?"

हो म्हणायला तोंड नव्हते. उठलो, मुसळ घेतले. पन्नास घाव झाले नसतील, तोच खांदे भरून आले, शिंकांनी जीव हैराण झाला, हात भगभगू लागले. पाण्याने धुतले तरी आग जाईना. शेवटी त्या माउलीनेच चोळायला गोडेतेल दिले. 'कुटा' हा शब्द दोन अक्षरांचा. त्याची आग मात्र बोलणाऱ्याच्या जिभेला होत नाही, दुसऱ्याच्या तळहाताला होते. हे शास्त्र मला कुठल्याच पाठशाळेत मिळाले नव्हते.

तेव्हा जनाबाई आठवली. पंढरीजवळ गोपाळपुरात तिचे जाते आजही दाखवतात. देव तिच्यासंगे दळायला बसला, अशी आपली कथा. देवाने तिला दळणाचे माहात्म्य ऐकवले नाही. खुंट्याला हात घातला. आणि ही कथा मी इतकी वर्षे सांगत आलो!

मग घरी कुटावे की नाही? कुटावे. पण जेवणाऱ्याने निदान मिरच्यांचे देठ खुडावेत, धने निवडावेत, मुसळाला हात लावावा. ते जमत नसेल तर अखंड जिन्नस निवडून डंकावर कांडून आणावेत. त्यात पाप नाही. पाप आहे ते दुसऱ्याच्या कष्टाला व्रत म्हणून गौरवण्यात आणि आपण पाटावर बसून ताटाची वाट पाहण्यात.

असो. वैशाखात आमच्या घरी काळा मसाला झाला. धने, खोबरे, दगडफूल भाजले कुटुंबाने. कुटायला मी बसलो. "जाडा राहिलाय," अशी तक्रार आली. खरी होती. पुन्हा कुटला.

राम कृष्ण हरी.