विद्येचे ऋण

लक्ष्मीबाई नगरातील आमच्या सरकारी निवासात सायंकाळी दोन विद्यार्थी अभ्यासास बसतात. एक आमचा नऊ वर्षांचा मुलगा आणि दुसरे आम्ही. मुलाची शाळा हिंदी-इंग्रजीची. मराठी सुटू नये म्हणून आजोबांनी साताऱ्याहून बालभारतीचे पुस्तक पाठविले आहे. त्यातील क्यू.आर. कोडवर मोबाईल धरला की 'दीक्षा' या मंचावरील धडा उघडतो. आम्हांला कचेरीच्या आज्ञेनुसार 'आयगॉट कर्मयोगी'वरील अभ्यासक्रम पुरे करावयाचे असतात. अशाच एका सायंकाळी मुलाने विचारले, "बाबा, या शिकवण्याचे पैसे आपण कोणाला देतो?" "कोणालाच नाही," आम्ही म्हणालो. "मग त्यांना काय मिळतं?" आम्ही 'आधी धडा पुरा कर' असे सांगून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मात्र आमच्याजवळच राहिला.

'सरकार देते' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेली 'दीक्षा' आणि २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'मिशन कर्मयोगी'चा मंच ही दोन्ही घरे एकाच पायावर उभी आहेत. त्या पायाचे नाव 'सनबर्ड'. एकस्टेप फाउंडेशनने सिद्ध केलेली ही आज्ञावली मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिचा मूळ पाठ कोणीही वाचावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा आणि उपयोगात आणावा, अशी तिच्या कर्त्यांनी मुभा ठेवली आहे. बापाचे कार्यालयीन शिक्षण आणि मुलाची मातृभाषा यांचा भार एकच आज्ञावली वाहते आहे, आणि आम्हा दोघांपैकी कोणीही तिचे मोल दिलेले नाही.

ही प्रथा सनबर्डपासून सुरू झाली असे नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील वाळवंटात, एका दुर्गम वस्तीत मार्टिन डूगियामस यांचे बालपण गेले. शाळा फार दूर. धडे रेडिओवरून यावयाचे. पुढे पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात काम करीत असताना विकतच्या शिक्षण-आज्ञावलीच्या मर्यादा त्यांना जाणवल्या आणि त्यांनी स्वतःच एक रचावयास घेतली. तिचे नाव 'मूडल'. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २० ऑगस्ट २००२ रोजी प्रसिद्ध झाली, आणि आज जगभरातील विद्यापीठे तिच्यावर वर्ग चालवितात. आपल्याकडेही कानपूरच्या आय.आय.टी.तील 'बृहस्पती' व मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील 'जी-स्टुडिओ' ही याच कुळातील कामे होत. ज्याला लहानपणी शाळा दूर होती, त्याने इतरांची शाळा जवळ आणली, ही गोष्ट बदलीचे धनी असलेल्या आपल्यासारख्यांना निराळी समजावून सांगावयास नको.

यावर एक रास्त आक्षेप येतो. श्रमाला मोल असते. फुकट देणाऱ्याने खावे काय? आक्षेप आम्हांला मान्य आहे. आम्हीही पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणारी माणसे आहोत. पण मूडलचे उदाहरण असे सांगते की आज्ञावली खुली ठेवूनही तिची उभारणी, देखभाल व शिकवणी यांचे दाम घेता येतात. भागीदार संस्था आपल्या उत्पन्नाचा काही हिस्सा मूळ कार्यास देतात. श्रम विकणे निराळे आणि विद्येला कुलूप घालणे निराळे. हा भेद २००६ साली जगापुढे स्पष्ट आला. ब्लॅकबोर्ड या अमेरिकन कंपनीला त्या वर्षी एक पेटंट मिळाले आणि तिने एका प्रतिस्पर्धी कंपनीवर दावा लावला. एकाच माणसाने एकाच प्रवेशनावाने एका वर्गात शिक्षक व दुसऱ्या वर्गात विद्यार्थी असावे, ही योजना त्या वादाच्या केंद्रस्थानी होती. मूडलसारख्या मुक्त प्रकल्पांच्या वतीनेही त्या पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी झाली. अखेर जुलै २००९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने वादातील कलमे अग्राह्य ठरविली. यंत्ररचनेचा तपशील बाजूला ठेवू. येथे शिकविणारा आणि तेथे शिकणारा एकच असणे ही माणसाची स्वाभाविक स्थिती आहे. तिच्यावर कोणाचा हक्क सांगितला जावा, याचे आम्हांला नवल वाटते.

तथापि, खुले म्हणजे बेबंद नव्हे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरत गेल्या आणि त्यांत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला, आणि त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. ग्रंथ सर्वांचा होता, म्हणूनच त्याची राखण करावी लागली. मुक्तस्रोत आज्ञावलीतही बदल कोणीही सुचवावा. पण मूळ पाठात तो तपासूनच घेतला जातो. देणाऱ्याचे औदार्य आणि राखणाऱ्याची शिस्त यांपैकी एक जरी नसले तरी सामायिक विद्या टिकत नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. घेणाऱ्याने काय द्यावे? मूडलच्या परवान्यात याचे एक उत्तर लिहिलेले आहे: तुम्ही ही आज्ञावली सुधारून दुसऱ्यास दिलीत, तर तुम्हांला जे अधिकार मिळाले तेच त्यालाही द्या. सनबर्डचा परवाना त्याहून सैल आहे. मूळ कर्त्यांची नोंद व परवान्याचा मजकूर राखला की पुरे. परतफेडीची सक्ती नाही. पहिल्या परवान्यात ऋण ही अट आहे, दुसऱ्यात ते घेणाऱ्याच्या विवेकावर सोडले आहे. यातील अधिक चांगला कोणता, यावर जाणकारांचे वाद आहेत. आम्हांला मात्र दुसरा अधिक कठीण वाटतो. कारण कायदा जेथे काही मागत नाही, तेथेच माणसाची खरी परीक्षा सुरू होते.

त्या परीक्षेत आम्ही नापास झालो होतो, हे येथे सांगितले पाहिजे. आमच्या खणात एक वही असे. पदोन्नतीनंतरची वेतननिश्चिती, रजेचे हिशेब, प्रवासभत्त्याची देयके, कोणत्या प्रसंगी कोणता जुना आदेश लागू पडतो, हे सारे दहा-बारा वर्षांच्या नोकरीत आम्ही तीत टिपले होते. मागील वर्षी विभागात एक तरुण सहायक आला. वेतननिश्चितीचे एक प्रकरण घेऊन तो आमच्याकडे आला, तेव्हा "जुन्या फायली पाहा" असे आम्ही त्याला सांगितले. वही दोन हातांवर होती. नियम मोडला नव्हता. वही दाखवावी असा नियमच नव्हता. खरे कारण इतकेच की ती बंद होती तोवर अडलेला प्रत्येक कागद आमच्या मेजावर येत होता, आणि त्या येण्यालाच आम्ही आपली योग्यता समजत होतो.

मुलाच्या प्रश्नानंतर काही दिवसांनी आम्ही ती वही त्या तरुणाच्या हाती दिली. यात थोरपण नव्हते. थोडी लाज होती. आठवड्याने त्याने ती परत आणली आणि अतिशय संकोचाने दोन नोंदींवर बोट ठेवले. १ जानेवारी २०१६ पासून सातवा वेतन आयोग लागू झाल्यावर त्या दोन्ही नोंदी कालबाह्य झाल्या होत्या. त्या आम्ही अनेक वर्षे कुलुपात जपत होतो. दुसऱ्याच्या नजरेस पडली नाही ती विद्या सुरक्षित राहते असे आम्हांला वाटे. वास्तविक ती तेथे कुजते. त्या दिवशी आम्ही त्याच्यापुढे विद्यार्थी झालो, आणि त्यात काही बिघडले नाही. आता ती वही टंकून विभागाच्या सामायिक संचिकेत ठेवली आहे, आणि तीत दुरुस्त्या करणारे हात आमच्याखेरीज आणखी तीन आहेत.

एवढ्याने सर्व साधले असे आम्ही म्हणणार नाही. दार उघडे असणे म्हणजे आत जाणे नव्हे. चित्रफीत चालू ठेवून चहा करावयास उठणे आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेणे, हा प्रमाद आमच्याही हातून घडलेला आहे. ज्यांनी मंच खुला केला त्यांचा त्यात दोष नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत शून्य धरण्याची आमची खोड त्याला कारण आहे. लक्षपूर्वक शिकणे हीच परतफेडीची पहिली पायरी म्हटली पाहिजे.

मुलाला आम्ही अखेर उत्तर दिले. म्हटले, "ज्यांनी हे केलं त्यांना आपण काही देऊ शकत नाही, ते आपल्याला ओळखतही नाहीत. पण तुला आलं ते दुसऱ्या कोणाला शिकव, म्हणजे झालं." तो क्षणभर विचारात पडला. मग खालच्या मजल्यावरील आपल्या बंगाली मित्राला मराठी बाराखडी शिकवावयास निघून गेला. तो तेथून परतला तेव्हा बंगालीतले दहापर्यंतचे आकडे शिकून आला होता.