कोरडवाहू नोकरी

धाराशिव जिल्ह्यात सोयरीक जुळवताना मुलाकडच्यांना हमखास विचारलं जातं: रान किती, त्यातलं बागायत किती? अलीकडे ‘मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे’ एवढं सांगितलं की हा प्रश्न गळून पडतो. महिन्याच्या महिन्याला खात्यावर पगार पडणारी नोकरी म्हणजे बारमाही पाण्याचं रान, असा हिशोब त्यामागे असतो. तो हिशोब एकदा तपासून पाहिला पाहिजे. सॉफ्टवेअरची नोकरी दिसायला बागायती असली तरी स्वभावाने कोरडवाहू आहे. कोरडवाहू रान कमीच पिकतं असं नाही. साधलं तर बागायतीला लाजवेल असं पिकतं. त्याचं दुखणं वेगळं आहे. पाणी कधी येणार आणि किती येणार, हे कसणाऱ्याच्या हातात नसतं.

हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या सेवा-कंपनीत कामाचा आठवडा संपतो तो टाइमशीट भरून. कोणत्या प्रोजेक्टवर किती तास खर्ची पडले हे त्या रकान्यांत मांडावं लागतं, कारण कंपनी ग्राहकाला अनेकदा तासांचंच बिल लावते. ज्याचे तास बिलात धरले जातात तो ‘बिलेबल’. एक प्रोजेक्ट संपून दुसरा मिळेपर्यंत जो थांबतो तो ‘बेंच’वर. बेंचवर पगार चालू असतो, पण झोप लागत नाही. मृग कोरडा गेल्यावर बियाण्याच्या पिशव्या घरात ठेवून आभाळाकडे पाहणाऱ्या माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. फक्त हे आभाळ इथलं नसतं. अमेरिकेतल्या बँकेने किंवा विमा कंपनीने खर्चाला कात्री लावली की पुण्यातला प्रोजेक्ट बंद पडतो. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा होतात, म्हणून रात्रीचं जेवण कॉल संपेपर्यंत खोळंबतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने परांडा तालुक्यातली उभी पिकं नेली. त्याच महिन्यात अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावलं. दोन्ही घावांची तुलना होणार नाही, पण दोन्ही वेळा निर्णय वरूनच झाला.

यावर कोणी म्हणेल, मुकादमाकडून उचल घेऊन सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणारी माणसं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे एसी कचेरीतल्या नोकरीला कोरडवाहू म्हणणं ही चेष्टा आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. याच पगारातून घरावरची कर्जं फिटली, धाकट्या भावंडांची शिक्षणं झाली, मुलींना स्वतःच्या नावाचं खातं आणि शहरात स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं. मात्र उत्पन्न चांगलं असणं वेगळं आणि खात्रीचं असणं वेगळं. शिवाय मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा पगार दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-साडेतीन लाख होता आणि आजही बराचसा तिथेच रेंगाळतो आहे. पुण्याचं घरभाडं काही थांबून राहिलेलं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेतकऱ्याला रान बदलता येत नाही, इंजिनिअरला कंपनी बदलता येते. येते खरी, पण केव्हा? २०२१-२२ मध्ये सगळीकडेच पाऊस होता, तेव्हा घसघशीत वाढ घेऊन लोक इकडून तिकडे गेले. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची कर्मचारीसंख्या मिळून ६० हजारांहून अधिक घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. शेजारच्या रानातही ओल नसेल तर बांध ओलांडून काय मिळणार?

मग ही नोकरी करूच नये का? कोरडवाहू आहे म्हणून कोणी रान पडीक ठेवत नाही, कसण्याची रीत बदलतो. सोयाबीन शंभरेक दिवसांत हाती येतं, म्हणून या जिल्ह्याचा खरीप त्याने व्यापला. जाणता शेतकरी तरीही सोयाबीनच्या चार-सहा ओळींमागे तुरीची एक ओळ ठेवतो. सोयाबीनची रास झाल्यावरही तूर रानात उभी असते, कारण तिचं सोटमूळ खालची ओल शोधत गेलेलं असतं. क्लास लावून तीन-चार महिन्यांत शिकलेलं एखादं टूल हे सोयाबीन. पहिली नोकरी त्यावर मिळते, तेव्हा ते शिकावंच. पण साचेबंद कोड आता एआय लिहू लागलं आहे आणि त्या पिकाचा भाव उतरणार आहे. गणिताची पक्की बैठक, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यातला दोष हुडकण्याची सवय, बँकेचा किंवा विम्याचा व्यवहार मुळातून समजणं, ही तूर. तिला वेळ लागतो आणि कॅम्पस मुलाखतीत ती लगेच नजरेत भरत नाही. घराच्या हप्त्यांचंही तसंच आहे. नोकरी लागताच वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणं म्हणजे पहिल्या सरीवर घरातलं सगळं बी पेरून मोकळं होणं. दुबार पेरणीपुरतं बी मागे ठेवायचं असतं, हे कोणत्याही कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. ते घरूनच घेऊन जावं लागतं.