राहू दे, लागेल कधीतरी

तालुक्याच्या गावातली एक नागरी सहकारी पतसंस्था. नाव सांगत नाही. तीन शाखा, नऊ हजारांच्या घरात सभासद, भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो. अशा संस्थांच्या हिशेबतपासणीत माझी पंचवीसेक वर्षं गेली, म्हणून डेटा संरक्षणाचा नवा कायदा आल्यावर "जरा येऊन बघून जा" असा निरोप मला आला. गेलो, आणि व्यवस्थापकांना पहिलाच प्रश्न विचारला: संस्थेकडे कुणाकुणाची माहिती आहे?

"सभासदांची. आणखी कुणाची असणार?"

फुलस्केप कागद घेऊन यादी करायला बसलो. चहा येईपर्यंत उरकेल असा त्यांचा अंदाज होता. दोन दिवस लागले.

सभासद झाले, वारसदार झाले, जामीनदार झाले. मग आठवलं की ज्यांना कर्ज नाकारलं त्यांचेही अर्ज आहेत, पगारपत्रकांसकट. सोनेतारणाच्या फोल्डरमध्ये दागिन्यांचे फोटो होते, तसे दागिने घेऊन आलेल्या बायकांचेही. २०१४ साली चार लिपिक नेमले होते. त्या भरतीत न निवडलेल्या तीनशेवर उमेदवारांचे अर्ज जातीच्या दाखल्यांसह स्कॅन करून ठेवलेले. 'वसुली पथक' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीदारांची घरं, दारातल्या मोटारसायकली आणि एकाच्या मुलीची लग्नपत्रिका. पत्रिकेखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पैसे आहेत बघा याच्याकडे.' व्यवस्थापक प्रत्येक नव्या नोंदीला मान हलवत. "हो, तेही आहे खरं." त्यांना लपवायचं काहीच नव्हतं. आपल्या घरात काय काय साठलंय याचा पत्ताच नव्हता.

यादीतलं शेवटचं नाव पिग्मी एजंटचं. साठीला आलेला माणूस, सायकलवर सुरुवात करून आता स्कूटीवर. पावती काढायचं मशीन संस्थेचं, पण फोन त्याचा स्वतःचा, काचेला तडा गेलेला. त्याने विनासंकोच तो माझ्या हातात दिला. गॅलरीत आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं, मध्येच नातवाचं बारसं, पुन्हा आधार कार्डं. खातेदारांचे नंबर त्याने आपल्या सोयीने साठवले होते. 'शंभर, वडापाव.' 'पन्नास, सकाळी नको.' आणि एक: 'दोनशे, मालकांना सांगू नये.'

मी त्याच्याकडे पाहिलं. "बाई शिवणाच्या पैशातून टाकतात," तो म्हणाला. "सात वर्षं झाली. त्यांच्या घरावरून जातो पण दारात थांबत नाही. त्या दुकानात येतात तिथे घेतो." आणि लगेच, त्याच सुरात: "मागच्या महिन्यात फोन बंद पडला होता. स्टँडवरच्या रिपेअरिंगवाल्याकडे चार दिवस होता."

डेटा संरक्षण म्हणजे काय, हे मला कुठल्याही चर्चासत्रापेक्षा या दोन वाक्यांनी नीट समजलं. सात वर्षं या माणसाने एका बाईचं गुपित राखलं ते कुठल्याही कायद्याशिवाय. आणि चार दिवस तेच गुपित पासवर्ड नसलेल्या फोनमध्ये, अनोळखी दुकानाच्या टेबलावर पडून होतं. त्याच्या इमानाबद्दल कुणालाच शंका नाही. पण इमान आणि व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या बहुतेक संस्था पहिलीच्या जोरावर दुसरीशिवाय चालतात.

कायद्याची कुळकथा थोडक्यात. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली. तिच्या ओघात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्याच सुमारास न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. मुंबईच्या दंगलींच्या चौकशी आयोगामुळे हे नाव महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. समितीचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला. मग २०१९ चं विधेयक, संयुक्त संसदीय समिती, ऑगस्ट २०२२ मध्ये माघार, नवा मसुदा, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम'. त्याचे नियम राजपत्रात यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या, म्हणजे मे २०२७ मध्ये.

श्रीकृष्ण समितीने एक शब्द फार विचाराने निवडला. युरोपच्या कायद्यात माहिती बाळगणाऱ्या संस्थेला 'कंट्रोलर' म्हणतात, ज्याच्या हाती ताबा तो. समितीने म्हटलं 'फिड्युशिअरी', म्हणजे विश्वस्त. माहिती ज्या माणसाची आहे तो धनी; संस्थेकडे ती विश्वासाने ठेवलेली. पुढे सरकारने समितीचा मसुदा बराच बदलला, पण हा शब्द टिकला. आणखी एक गंमत अशी की २०२३ च्या कायद्यात या धन्याचा उल्लेख सगळीकडे 'ती' असा आहे. आपल्या कायद्यांत एरवी 'तो' म्हणून त्यात 'ती' धरायची पद्धत. इथे उलट झालं. शिवणाच्या पैशातून दोनशे टाकणाऱ्या बाईला हे माहीत असण्याचं कारण नाही, पण कायद्याच्या पहिल्या पानापासून ती तिथे आहे.

विश्वस्त म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं हेही मान्य केलं पाहिजे. देवस्थानचे विश्वस्त, धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षं लोंबकळणारे चेंज रिपोर्ट, आणि दानपेटी कुणासमोर उघडायची यावरची भांडणं. विश्वस्तपणाचा आपला अनुभव मोठा आहे, म्हणूनच त्यातली खोट आपल्याला चटकन कळते. दानपेटीवर कुलूप आहे का हे आपण विचारतो. आत किती होतं हे सहसा कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

आता या कायद्याच्या तयारीचा बाजार भरलाय. पतसंस्थेच्या टेबलावर माझ्याआधी एक चाळीस पानी धोरण येऊन पडलं होतं, कुठल्याशा सल्लागाराकडून विकत घेतलेलं. त्यात एके ठिकाणी संस्थेचं नाव बदलायचं राहून गेलं होतं, तिथे एका रुग्णालयाचं नाव होतं. सोबत संमतीचा मराठी नमुना. कायदा सांगतो की सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय माणसाला दिली पाहिजे. फार चांगली तरतूद. पण नमुन्यात होतं, 'विदा-विश्वस्त आपल्या विदेवर विनिर्दिष्ट प्रयोजनार्थ प्रक्रिया पार पाडील.' पिग्मी एजंटला वाचायला दिलं. तो म्हणाला, "सही कुठे करायची ते सांगा." या भाषेतून जी संमती मिळेल तिची किंमत त्याच्या एका वाक्याने ठरवून टाकली. 'आम्ही तुमचा आधार नंबर कर्जाच्या तपासणीसाठी घेतो, कर्ज फिटलं की ठरलेल्या मुदतीत काढून टाकतो' एवढं लिहायला कुणाची हरकत होती?

हरकत होती, आणि ती वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याला होती. काढून टाकतो हे लिहायचं तर खरंच काढून टाकावं लागणार.

माझ्या मते या कायद्याचा कस संमतीत नाही, विल्हेवाटीत लागतो. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, किंवा माणसाने संमती मागे घेतली, की ती माहिती पुसायची, असं कायदा म्हणतो. दुसरा एखादा कायदा ठेवायला सांगत असेल तेवढीच ठेवायची. नियमांनी एक आडकाठी घातलीय, की माहिती आणि तिच्यावरच्या प्रक्रियेच्या नोंदी निदान वर्षभर राखाव्यात, चौकशीला लागल्या तर म्हणून. तेही समजू शकतं. पण आपल्याकडचा प्रश्न वर्षभराचा नसून वीस वर्षांचा आहे. दिवाळीच्या आधी घरोघरी माळा काढतात तेव्हा जे वाक्य हमखास ऐकू येतं, तेच प्रत्येक कार्यालयात वर्षभर चालतं: राहू दे, लागेल कधीतरी.

कपाटांच्या काळात या वाक्याला मर्यादा होती. कपाट भरायचं, वाळवी लागायची, साहेब बदलले की नवे साहेब रद्दीवाल्याला बोलवायचे. एका अर्थी रद्दीवाला हाच आपला पहिला डेटा संरक्षण अधिकारी; फक्त त्याने सोडवलेला माल भेळेच्या पुडीतून पुन्हा बाहेर यायचा. संगणक आला आणि कपाट भरेनासं झालं. मग काही टाकायचं कारणच उरलं नाही. त्यात सहकारातल्या माणसाची एक रास्त भीती आहे. कागद ठेवला म्हणून आजवर कुणी निलंबित झालेलं त्याने पाहिलेलं नाही. कागद सापडला नाही म्हणून झालेले पाहिलेत. लेखापरीक्षक मागेल, सहायक निबंधकांचं पत्र येईल, वसुलीच्या दाव्यात वकील विचारेल. ही भीती घालवल्याशिवाय पुसण्याची सवय लागणार नाही, आणि ती चाळीस पानी धोरणाने जात नाही. प्रत्येक कागदापुढे मुदत आणि पुसणाऱ्याचं पद लिहिलेला एक तक्ता लागतो, ज्यावर संचालक मंडळाची सही आहे. लिपिकाला उद्या कुणी विचारलं तर त्याने तक्ता दाखवावा. या एका पानाला डेटाचा कारभार म्हणतात.

हे मोठ्या कंपन्यांना जमतं का? हिंजवडीतल्या पोरांना विचारा. मे २०१८ मध्ये युरोपचा कायदा लागू झाला तेव्हापासून त्यांच्या कंपन्या परदेशी ग्राहकांच्या माहितीसाठी करारांवर करार करतायत. काही मजल्यांवर मोबाईल सोडा, कागद-पेनही नेता येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात आयर्लंडच्या नियामकाने मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला, ही बातमी अशा मजल्यांवर गांभीर्याने वाचली गेली. आणि त्याच मजल्यावरचा मुलगा संध्याकाळी घरी येऊन भाडेकराराची आधार प्रत सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, कारण सेक्रेटरी काकांनी तिथेच मागितली. शिस्त अंगात नसते, मजल्यात असते.

सोसायटीच्या फाटकाचा विषय निघालाच आहे तर: वॉचमनच्या वहीत तुम्ही लिहिलेलं नाव, नंबर, वेळ या कायद्याच्या कक्षेत येत नाही. कायदा डिजिटल माहितीपुरता, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीपुरता आहे. तेच नाव फाटकावरच्या ॲपमध्ये गेलं की कायदा जागा होतो. वही मात्र कुणीही चाळावी.

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर पुण्यातला एक माणूस पुरवतो. त्याच्याशी केलेला करार मागवला. दीड पान, २०११ सालचा, त्यात वार्षिक देखभालीचे पैसे कधी द्यायचे एवढंच. नऊ हजार माणसांचा बॅकअप रोज रात्री त्याच्या कार्यालयात जातो. तो तिथे कुणाच्या हाती असतो, काम बंद झाल्यावर त्याचं काय, यावर एक ओळ नाही. कायद्याची भूमिका इथे कडक आहे. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बाहेर जात नाही. त्याच्या संगणकातून गळती झाली तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळासमोर उभं राहायचं पतसंस्थेने. गळती कळताच ज्यांची माहिती गेली त्यांना आणि या मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि ७२ तासांत मंडळाला सविस्तर अहवाल द्यायचा. ज्यांना आपल्याकडे काय आहे याची यादी करायला दोन दिवस लागले, त्यांना काय गेलं हे तीन दिवसांत कसं कळेल, हे मी व्यवस्थापकांना विचारलं. त्यांनी पंखा वाढवला.

सुरक्षेत कुचराई झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. या संस्थेच्या सगळ्या ठेवी एकत्र केल्या तरी तेवढे भरणार नाहीत. मंडळ चुकीचं स्वरूप आणि गांभीर्य बघून रक्कम ठरवेल, त्यामुळे आकड्याने घाबरून जायला नको. खटकतं ते वेगळंच. दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. जिची माहिती गेली तिला एक पैसा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमात भरपाईची एक वाट होती. हा कायदा ते कलम वगळायला सांगतो. धनी तिला म्हणायचं आणि नुकसानीचा दंड भलत्याच्याच तिजोरीत, ही तऱ्हा विश्वस्त या शब्दाला शोभत नाही.

आणि सगळ्यात मोठा माळा ज्याचा, त्या सरकारला मात्र सूट. सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचनेने या कायद्यातून पूर्ण वगळू शकतं. खुद्द श्रीकृष्ण यांनी २०१९ च्या विधेयकातल्या अशा तरतुदींवर जाहीर टीका केली होती. त्यात या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या, वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या ८(१)(जे) या कलमातल्या अटी काढून नुसती 'वैयक्तिक माहिती' ठेवली. लोकहित मोठं असेल तर माहिती देण्याची ८(२) ची वाट अजून उघडी आहे, हे खरं. पण ती उघडायची किल्ली माहिती अधिकाऱ्याच्या खिशात, आणि घरकुलाच्या यादीत सरपंचाचा भाऊ कसा, हे विचारणाऱ्याला 'वैयक्तिक माहिती' असा शिक्का मारलेलं उत्तर देणं केवढं सोपं झालं! केंद्राच्या आधी, २००२ मध्येच माहिती अधिकाराचा कायदा केलेल्या महाराष्ट्राने यावर एवढं गप्प बसावं, याचं मला वाईट वाटतं.

पतसंस्थेपुरतं सांगायचं तर काही गोष्टी झाल्या. पिग्मी एजंटला संस्थेने फोन दिला, लॉक असलेला. जुन्या फोनमधल्या आधार कार्डांच्या फोटोंवरून त्याने माझ्यासमोर बोट फिरवलं, बारसं तेवढं ठेवलं. 'वसुली पथक' ग्रुप बंद झाला. पुण्याच्या माणसाशी नवा करार करायचं ठरलं. मुदतीचा तक्ता संचालक मंडळाच्या मासिक सभेत मांडला गेला आणि त्यातली बहुतेक कलमं सर्वानुमते मंजूर झाली. फक्त विषय क्रमांक ९ वर, म्हणजे २०१४ च्या भरतीतले न निवडलेल्या उमेदवारांचे अर्ज नष्ट करण्यावर, अर्धा तास चर्चा झाली. इतिवृत्तात नोंद आहे: 'सदर विषय पुढील सभेत घेण्यात यावा असे ठरले.'