रस्त्यांत खेळणारीं मुलें

शास्त्रभाग : जखऱ्या 8:4, 5



जखऱ्या संदेष्ट्याच्या काळीं यरुशलेम नगर पडक्या स्थितींत होतें. बंदिवासांतून परतलेले लोक थोडे, घरें मोडकीं, पिकाचा भरंवसा नाहीं. देव हें नगर पुन्हां वसवील तेव्हां तें कसें दिसेल, हें संदेष्टा सांगूं लागतो. उंच तट, भरलेलीं कोठारें, असें कांहीं ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा. परंतु ह्या दोन वचनांत तो दोनच गोष्टी दाखवितो : हातांत काठी घेऊन चौकांत बसलेले म्हातारे व म्हाताऱ्या, आणि रस्त्यांत खेळणारे मुलगे व मुली. मुलींचें नांव तो वेगळें घेतो, हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहूं. दसरा-दिवाळी झाली कीं गाड्या भरूं लागतात. मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीला निघतात. मुलांपैकीं कांहीं हंगामी वसतिगृहांत राहतात, कांहीं आजीपाशीं, आणि कित्येक आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात. तेथें धाकट्या भावंडाला सांभाळणें व वाढें गोळा करणें ह्यांतच दिवस जातो. वयांत आलेल्या मुलीला मागें ठेवण्याची भीति वाटते, म्हणून तिचें लग्न उरकून टाकितात. नव्या जोडप्याचा आणखी एक कोयता होतो. 2019 ते 2021 ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ह्या जिल्ह्यांतील 20 ते 24 वर्षांच्या दर 100 स्त्रियांपैकीं 40 हून अधिक जणींचें लग्न 18 वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालें होतें, असें आढळलें. जखऱ्याच्या चित्रांतील म्हातारे आपल्या चौकांत बसलेले आहेत. मुलें कोठें आहेत?

ह्या मातींत अंगचा गुण नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवच्या अविनाश साबळे ह्यांनीं 2023 सालीं चीनमधील हांगझोऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धेंत 3000 मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकून सुवर्णपदक मिळविलें. त्या शर्यतींत 28 अडथळे व 7 पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात. लहानपणीं शाळा सुमारें सहा किलोमीटर दूर, ती वाट ते पायींच तुडवीत. केज तालुक्यांतील कळंबअंबा गांवच्या प्रियंका इंगळे भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. त्यांच्या संघानें 19 जानेवारी 2025 रोजीं दिल्ली येथें पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत नेपाळला 78 विरुद्ध 40 असें हरविलें. आपण टाळ्या वाजविल्या, तें योग्यच झालें. परंतु एकाला शर्यतीची खरी तालीम मिळाली ती सैन्यांत गेल्यावर, आणि दुसरीचा खेळ घडला तो पुण्याकडे. गुण आपल्या गांवचा, पण मैदान दुसऱ्याचें!

येथें कोणी वडील विचारतील, ‘खेळानें पोट भरतें काय?’ शिवाय शरीराच्या कसरतीचा लाभ थोडाच, असें पौलानें तीमथ्याला लिहिलेंच आहे. होय, थोडा म्हटलें आहे. मुळींच नाहीं असें म्हटलेलें नाहीं. पदकाचें आमिष मुलांना दाखवूं नये, हें मलाही मान्य आहे; हजारांत एकाला मिळणाऱ्या वस्तूवर गांवाची आशा बांधणें हा खोटेपणा होय. मैदानाचा उपयोग निराळा आहे. जी मुलगी रोज सायंकाळीं पांच वाजतां मैदानावर येते, तिची गणना होते. ती दोन दिवस दिसली नाहीं तर सोबतिणी विचारतात, शिकविणारी बाई घरीं जाते. गुपचूप ठरलेलें लग्न तेथें प्रथम कळतें, आणि 1098 ह्या बालसाहाय्याच्या क्रमांकावर वेळींच कळवितां येतें. घाबरलेल्या मुलीला, जिच्यापाशीं बोलावें अशी एक व्यक्ति मिळते.

हें नवें नाहीं. नागपुरांत स्कॉटिश मिशनऱ्यांनीं 1883 सालीं काढलेल्या हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनीं झोपडपट्टींतील मुलें पावसांत फुटकी बादली लाथाडीत खेळतांना पाहिलीं, आणि 2001 सालापासून त्यांच्यासाठीं फुटबॉलचें कार्य आरंभिलें. संयुक्त राष्ट्रसंघानेंही 2013 सालीं, विकास व शांति ह्यांसाठीं खेळाचा दिवस म्हणून 6 एप्रिल ही तारीख नेमिली. परंतु एका दिवसानें काय होणार? आपल्याकडे क्रीडामहोत्सव म्हणजे मांडव, हार, पाहुण्यांचीं भाषणें, चषक. दुसऱ्या दिवशीं मैदानांत शेळ्या चरतात.

खो-खोला खर्च नाहीं. दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि साफ केलेली जमीन. आठ जणी ओळीनें बसतात, एकीचें तोंड इकडे तर दुसरीचें तिकडे. नववी पाठलाग करिते. तिला मधली रेघ ओलांडतां येत नाहीं, मागें वळतां येत नाहीं. दमली कीं बसलेलीला पाठीमागून ‘खो’ द्यावा, आणि ती उठून धांवते. कोणाच्या घरची कोण, हें तेथें विचारीत नाहींत, आणि आपल्या गांवांत हें लहान नव्हे. मात्र मुलींना शिकविणारी शक्यतों स्त्री असावी, खेळ उजेडीं व उघड्यावर व्हावा, आणि मंडळींतील एक तरी आई रोज तेथें हजर असावी. ह्या बाबतींत संकोच नको.

आणि हें कार्य नोव्हेंबरांत बंद पडूं देऊं नये. हंगामी वसतिगृहांतील मुलांना मैदान लागतें तें त्याच महिन्यांत. जीं मुलें तळावर गेलीं, त्यांचीं नांवें वहींत लिहून ठेवावीं व त्या भागांतील मंडळ्यांना पत्रें पाठवावीं. तळावर रविवारीं दुपारीं दोन खांब रोवणें त्यांना कठीण नाहीं. कोणती गाडी कोणत्या कारखान्यावर गेली हें मुकादमाला ठाऊक असतें. गाडी निघण्यापूर्वीं त्याला विचारून घ्यावें.